ओहायोच्या घटनेत बंदी अजून छापलेली आहे, मग माझ्या मुलीचं लग्न कायदेशीर कसं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी कोलंबसला नोकरी करते, एच-वन-बी व्हिसावर. तिथल्याच एका मुलीशी ती येत्या उन्हाळ्यात लग्न करणार आहे. होणारी जोडीदार अमेरिकन नागरिक. घरात वर्षभर धुसफूस झाली, मग हळूहळू सगळे तयार झाले. आता आईच्या भावाने ओहायो राज्याच्या घटनेतलं एक कलम शोधून पाठवलंय. त्यात सरळ लिहिलंय की एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातलंच नातं या राज्यात विवाह म्हणून वैध ठरेल किंवा मानलं जाईल. आई विचारतात: हे कलम खरं आहे का? खरं असेल तर लग्न कशाच्या जोरावर लागणार? आणि उद्या सुप्रीम कोर्टाने पलटी मारली तर लग्न, ग्रीनकार्ड, सगळं पाण्यात जाणार का?

ताई, मी 22 वर्षं ओहायोत कौटुंबिक आणि इमिग्रेशनच्या केसेस चालवते. तुमच्या भावाने पाठवलेलं कलम शंभर टक्के खरं आहे. ओहायोच्या घटनेचं 15 वं प्रकरण, कलम 11. नोव्हेंबर 2004 मध्ये मतदारांनी ते घातलं आणि आजही ते तिथेच आहे. तरीही तुमच्या मुलीला लग्नाचं लायसन्स मिळेल, लग्न लागेल आणि त्या लग्नावर ग्रीनकार्डही होईल. कोर्ट एखादं कलम घटनाबाह्य ठरवतं म्हणजे ते पुस्तकातून खोडत नाही. ते फक्त सरकारला सांगतं की हे वापरायचं नाही. अक्षरं तशीच राहतात. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी सुप्रीम कोर्टाने 1967 साली लविंग खटल्यात मोडली, पण अलाबामाच्या घटनेतलं तसलं कलम काढायला 2000 साल उजाडलं. तेव्हाही सुमारे 40 टक्के मतदार म्हणाले, राहू दे. म्हणजे 33 वर्षं ते कलम नुसतं छापील होतं.

ओहायोचं कलम तसंच आहे. फरक इतकाच की ज्या निकालाने ते निकामी केलं तो (2015 चा ओबर्गफेल खटला) अजून तरुण आहे आणि पाच विरुद्ध चार असा आलेला आहे. त्यामुळे तुमची काळजी अगदीच बिनबुडाची नाही. किती करायची, ते ठरवण्यासाठी ही बंदी आली कशी आणि गेली कशी, हे थोडं बघावं लागेल.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे विशेष विवाह कायदा म्हटला की तो सगळ्या देशाला लागू. इथे लग्न हा राज्यांचा विषय आहे. 50 राज्यं, 50 विवाह कायदे. म्हणजे बेळगावला लागलेलं लग्न कोल्हापूरने मानायचं की नाही, हा प्रश्न इथे खरोखर उभा राहू शकतो, आणि राहिलाही. त्यामुळे बंदीला आव्हान देणाऱ्यांना दोन वेगवेगळी कुलुपं उघडायची होती: ‘आमच्या राज्यात आम्हाला लायसन्स द्या’ हे एक, आणि ‘दुसऱ्या राज्यात झालेलं आमचं लग्न मान्य करा’ हे दुसरं. माझ्या मते दुसरं कुलूप जास्त कमकुवत होतं, आणि पहिला घाव तिथे बसला म्हणूनच पुढचं सगळं घडलं. ओहायोतच बसला.

सुरुवातीला तर सगळीच दारं बंद होती. 1970 साली मिनेसोटात दोन पुरुष लायसन्स मागायला गेले, नकार मिळाला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळलं. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात अपील गेलं तर 1972 मध्ये एका ओळीचा आदेश आला: यात संघराज्याच्या कायद्याचा विचार करण्याजोगा प्रश्नच नाही. युक्तिवाद नाही, कारणं नाहीत. पण ही बेकर विरुद्ध नेल्सनची एक ओळ पुढची 40 वर्षं राज्यांच्या वकिलांच्या हातात हुकमाच्या एक्क्यासारखी राहिली.

मग लढणाऱ्यांनी राज्यांच्या कोर्टांची वाट धरली. 1993 साली हवाईत थोडं यश मिळालं. त्याने घाबरून काँग्रेसने 1996 मध्ये ‘डोमा’ कायदा केला: केंद्र सरकारच्या लेखी लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं. नोव्हेंबर 2003 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गुडरिज खटल्यात मोकळीक दिली आणि 17 मे 2004 ला तिथे पहिली लग्नं लागली. त्यावरची प्रतिक्रिया म्हणजेच तुमच्या भावाचं ते कलम. राज्याचं कोर्ट राज्याच्या घटनेचा आधार घेऊन बंदी उठवतं ना, मग घटनाच बदलून टाका, म्हणजे न्यायाधीशांचे हात बांधले जातील, असा हिशेब. 2 नोव्हेंबर 2004 या एका दिवशी 11 राज्यांनी अशी दुरुस्ती मंजूर केली. ओहायो त्यातलं एक, आणि इथली मतं सुमारे 62 टक्के. मी तेव्हा वकिलीत नवखी होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोन अशील दुरुस्तीची भाषा छापून घेऊन आले होते. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी चहा केला.

राज्यांच्या घटनांना कुलूप लागल्यावर उरली ती संघराज्याची घटना, म्हणजे चौदावी दुरुस्ती: कायद्याने मिळणारं समान संरक्षण आणि व्यक्तिस्वातंत्र्य. पण तिकडे जायला चळवळीतलेच जाणते वकील घाबरत. सुप्रीम कोर्टात हरलो तर एक पिढी गेली, असा त्यांचा धसका. 2000 साली बुश-गोर निवडणुकीच्या खटल्यात एकमेकांसमोर उभे राहिलेले टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइज 2009 साली हातात हात घालून कॅलिफोर्नियाच्या बंदीविरुद्ध संघीय कोर्टात गेले, तेव्हा या मंडळींनी कपाळावर हात मारला होता. तो खटला शेवटी बंदीचा बचाव करणाऱ्यांना अपिलाचा अधिकारच नाही, या तांत्रिक मुद्द्यावर सुटला. कॅलिफोर्निया मोकळं झालं, पण बाकीच्या राज्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

खरं दार उघडलं करामुळे. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर 40 वर्षांहून जास्त एकत्र राहिल्या. 2007 मध्ये टोरांटोला जाऊन लग्न केलं. 2009 मध्ये थिया वारल्या आणि एडिथना 3,63,053 डॉलरचा वारसाकर भरावा लागला. नवरा गेला असता तर शून्य. 26 जून 2013 ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी डोमाचं ते कलम रद्द केलं. न्या. केनेडींनी निकाल जपून लिहिला होता, राज्यांच्या बंदीला हात लावला नव्हता. विरोधी मत लिहिताना न्या. स्कालिया मात्र चिडून म्हणाले की हीच कारणं उद्या राज्यांवर उलटतील, आणि कुठले शब्द बदलले की झालं तेही त्यांनी दाखवून दिलं. सहा महिन्यांत युटाच्या न्यायाधीशाने बंदी उठवताना स्कालियांचाच हवाला दिला. विरोधात लिहिलेलं मत समोरच्याच्या इतकं कामी आलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता ओहायो. सिनसिनाटीचे जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर वीस वर्षांहून जास्त एकत्र होते. जॉनना एएलएस होता, हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार. हातपाय गेलेले, अंथरुणाला खिळलेले. विंडसरचा निकाल टीव्हीवर ऐकला आणि ठरवलं, आता लग्न करायचं. ओहायोत शक्य नव्हतं. मेरीलँडमध्ये लायसन्ससाठी दोघांनी हजर राहायची गरज नव्हती, म्हणून जिम एकटे जाऊन ते घेऊन आले. नातेवाईक-मित्रांनी पैसे जमवून वैद्यकीय सोयी असलेलं छोटं विमान ठरवलं. 11 जुलै 2013 ला विमान बाल्टिमोरच्या विमानतळावर उतरलं, धावपट्टीच्या कडेला उभं राहिलं, आणि स्ट्रेचरवर पडलेल्या जॉनचं आणि शेजारी बसलेल्या जिमचं लग्न विमानातच लागलं. जॉनच्या मावशीने लावलं. मग विमान परत सिनसिनाटीला.

बातमी छापून आली. अल गेर्हार्डस्टाईन नावाचे नागरी हक्कांचे जुनेजाणते वकील त्यांना भेटायला गेले. जाताना बरोबर एक कोरा कागद घेऊन गेले: ओहायोचा मृत्यूच्या दाखल्याचा नमुना. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. वैवाहिक स्थिती: अविवाहित. हयात जोडीदाराचं नाव: रिकामं. जॉन गेले की राज्य असंच भरणार, याची तुम्हाला कल्पना आहे का? त्या दोघांना नव्हती. कोणाला असते? लग्नाच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला कोण वाचतं?

19 जुलैला दावा दाखल, 22 जुलैला न्या. टिमोथी ब्लॅक यांचा तात्पुरता मनाई हुकूम. तीन दिवसांत. अशिलाच्या हातात वेळच नव्हता आणि मागणी इवलीशी होती: एका दाखल्यावरचे दोन रकाने. त्यात जॉनच्या घराण्याची दफनाची जागा अशी की तिथे फक्त वंशजांना आणि त्यांच्या विवाहित जोडीदारांना जागा. म्हणजे रकाना चुकला तर जिमना शेजारी जागाही मिळणार नव्हती.

न्या. ब्लॅक यांचं कारण मला फार आवडतं, आणि आपल्या लोकांना ते चटकन कळतं. ओहायोत सख्ख्या चुलत-मामे-आते भावंडांचं लग्न लागत नाही. पण जिथे चालतं त्या राज्यात लावून आलात तर ओहायो ते मुकाट मान्य करतं, कारण ‘जिथे लागलं तिथे वैध, तर इथेही वैध’ हा इथला जुना नियम. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची म्हणतात, तिच्याशी बाहेर लग्न करून इथे राहणारी जोडपी माझ्या ओळखीत आहेत. कुणी विचारत नाही. मग मामेबहिणीला सूट आणि फक्त या दोघांच्याच बाबतीत नियम फिरवायचा, याला कारण काय? राज्याला कारण सांगता आलं नाही. जॉन 22 ऑक्टोबर 2013 ला गेले. दाखल्यावर ‘विवाहित’ लिहिलं गेलं, खाली जिमचं नाव आलं.

नंतरच्या वर्षी ओहायोतच चार जोडप्यांनी बाळाच्या जन्मदाखल्यासाठी दावा लावला, दोन्ही पालकांची नावं घाला म्हणून. एका दावणीला मृत्यूचा दाखला, दुसऱ्या दावणीला जन्माचा. ‘लग्नाचा अधिकार’ असं मोठ्या आवाजात म्हटलं की समोरचा परंपरा, धर्म, संस्कृती काढतो. एक रकाना पुढे केला की त्याला त्या रकान्यापुरतं उत्तर द्यावं लागतं.

2014 साल म्हणजे पूर होता. युटात 20 डिसेंबर 2013 ला बंदी उठली आणि राज्य इतकं गाफील होतं की स्थगितीचा अर्जही तयार नव्हता. 6 जानेवारीला सुप्रीम कोर्टाने स्थगिती देईपर्यंत सुमारे 1,300 जोडप्यांनी लग्नं उरकली. मग ओक्लाहोमा, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया... रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले आणि डेमोक्रॅट अध्यक्षांनी नेमलेले, दोन्ही न्यायाधीश तेच लिहीत होते. शिकागोच्या अपील कोर्टात न्या. पोस्नर यांनी इंडियाना आणि विस्कॉन्सिनच्या वकिलांची पार पिसं काढली. राज्यांचा युक्तिवाद असा होता की स्त्री-पुरुषांना चुकून मुलं होतात, ती उघड्यावर पडू नयेत म्हणून लग्नाची सोय. समलिंगी जोडप्यांना चुकून मुलं होत नाहीत, सबब त्यांना लग्नाची गरज नाही. पोस्नरनी निकालात याचा सरळ अर्थ लिहिला: म्हणजे बेजबाबदारपणे पोरं काढणाऱ्यांना बक्षीस लग्न, आणि न काढणाऱ्यांना शिक्षा म्हणून लग्नाला बंदी. मूळ इंग्रजी परिच्छेद मिळाला तर जरूर वाचा, निकालपत्र वाचताना हसू यायचे प्रसंग कमीच.

मिशिगनमध्ये दोघी परिचारिका होत्या, एप्रिल डिबोअर आणि जेन रोझ. विशेष काळजी लागणारी मुलं त्यांनी दत्तक घेतलेली, पण अविवाहित जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नाही म्हणून काही मुलं कागदोपत्री एकीची, काही दुसरीची. त्या कोर्टात गेल्या दत्तकासाठी. न्या. फ्रीडमननीच सुचवलं की तुमची खरी अडचण लग्नबंदी आहे, तिलाच आव्हान द्या. तिथे चक्क साक्षीपुराव्यानिशी खटला चालला. समलिंगी पालकांची मुलं मागे पडतात असं सांगणारा राज्याचा तज्ज्ञ साक्षीदार न्यायाधीशांनी अजिबात विश्वास ठेवण्याजोगा नाही म्हणून बाजूला काढला. 21 मार्च 2014 ला निकाल. दुसरा दिवस शनिवार होता. स्थगिती येईपर्यंत 300 हून जास्त जोडप्यांची लग्नं झाली.

आणि मग सहावं सर्किट, म्हणजे आमच्या भागाचं संघीय अपील कोर्ट. ओहायो, मिशिगन, केंटकी, टेनेसी, चार राज्यांची अपिलं एकत्र. तोवर सुप्रीम कोर्ट हात झटकून बसलं होतं. 6 ऑक्टोबर 2014 ला पाच राज्यांची अपिलं त्याने ऐकायलाच नकार दिला, कारण सगळी अपील कोर्टं एकच बोलत होती. महिन्याने, 6 नोव्हेंबरला, न्या. सटन यांनी दोन विरुद्ध एक असा उलटा निकाल दिला: 1972 ची ती एक ओळ अजून आम्हाला बांधते, आणि असा बदल मतदारांनी करावा, न्यायाधीशांनी नाही. त्या संध्याकाळी माझ्या ऑफिसात सुतकी वातावरण होतं. फक्त आमच्यातला एक म्हातारा वकील खुशीत होता. ‘आता अपील कोर्टांत फूट पडली,’ तो म्हणाला, ‘आता त्यांना ऐकावंच लागेल.’ बरोबर निघालं. सटन यांनी बंदी उचलून धरली नसती तर देशभराचा निकाल तेव्हा आलाच नसता, तुमच्या-माझ्या राज्यातलं कलम एकेकटं पाडत बसावं लागलं असतं.

चारही राज्यांचे दावे एकत्र झाले तेव्हा ओहायोचं नाव पुढे लागलं आणि खटला ओबर्गफेल विरुद्ध हॉजेस म्हणून गेला. 28 एप्रिल 2015 ला युक्तिवाद झाला. कोर्टाने दोन प्रश्न ठरवून दिले होते, तीच दोन कुलुपं: लायसन्स द्यायलाच हवं का, आणि बाहेरचं लग्न मानायलाच हवं का. पहिल्यावर बोलल्या मेरी बोनाटो, ज्यांनी 2003 चा मॅसॅच्युसेट्सचा खटला जिंकला होता. 26 जून 2015 ला निकाल: दोन्हींना हो. केनेडींच्या बाजूने गिन्सबर्ग, ब्रायर, सोटोमायोर, केगन. विरोधातल्या चौघांनी चार वेगळी मतं लिहिली. बेकरची ओळ नाव घेऊन रद्द केली. 13 राज्यांत तोवर बंदी लागू होती, ती त्या दिवशी संपली.

आता तुमच्या भावाची शंका. 2022 मध्ये याच कोर्टाने गर्भपाताचा 49 वर्षांचा निकाल उलटवला. त्या निकालात न्या. थॉमस यांनी वेगळं मत जोडून म्हटलं की ओबर्गफेलचाही फेरविचार करावा. बहुमताच्या निकालात मात्र याचा लग्नाशी संबंध नाही असं लिहिलंय, आणि थॉमस यांच्या त्या मताला दुसरं कुणी जोडलं गेलं नाही. केंटकीच्या किम डेव्हिस, ज्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) क्लार्क म्हणून लायसन्स नाकारल्याबद्दल 2015 मध्ये पाच दिवस तुरुंगात गेल्या, त्यांनी नुकसानभरपाईच्या आदेशाविरुद्ध अपील करताना ‘ओबर्गफेलच उलटवा’ अशीही मागणी केली. 10 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने अर्ज फेटाळला, कारण न देता. अर्ज फेटाळणं म्हणजे जुन्या निकालावर नव्याने शिक्कामोर्तब नव्हे, वकील म्हणून मला हे सांगायलाच हवं. पण ऐकायला चार न्यायाधीश लागतात आणि चार जण पुढे आले नाहीत, एवढं त्यातून कळतं.

समजा, उद्या उलटलाच. तर काय? ओहायोचं ते कलम जिवंत होईल आणि राज्य नवी लायसन्स थांबवू शकेल. झालेल्या लग्नांचं काय? यासाठी 13 डिसेंबर 2022 ला सही झालेला ‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज’ कायदा आहे. तो राज्यांना लायसन्स द्यायला लावत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण जिथे आणि जेव्हा लग्न लागलं तिथे ते वैध होतं, तर केंद्र सरकारने ते मानायचं आणि दुसऱ्या राज्यांनीही मानायचं, असं तो सांगतो. इमिग्रेशन हा पूर्णपणे केंद्राचा विषय. म्हणजे ग्रीनकार्डच्या दृष्टीने तुमच्या मुलीचं लग्न ज्या दिवशी लागेल त्या दिवशीचा कायदा बघितला जाईल. राहिला प्रश्न ओहायोने स्वतःच्याच राज्यात लागलेलं लग्न मानण्याचा. कॅलिफोर्नियाने 2008 मध्ये बंदी परत आणली तेव्हा आधीची सुमारे 18,000 लग्नं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाबूत ठेवली. युटातली ती 1,300 आणि मिशिगनमधली 300 सुद्धा संघीय न्यायाधीशांनी वैध धरली. बुडाली ती 2004 सालच्या सॅन फ्रान्सिस्कोसारखी: तिथली सुमारे 4,000 गेली, कारण तिथल्या महापौरांना कायद्याने तसा अधिकारच नव्हता. उत्साहाच्या भरात दिलेली लायसन्स होती ती. तुमच्या मुलीचं लायसन्स कोर्ट देणार आहे, कायद्याने. तिची जागा पहिल्या गटात आहे.

ग्रीनकार्डबद्दल थोडंसं. 2013 पर्यंत हे शक्यच नव्हतं. माझा एक अशील, पुण्याचा मुलगा, बोस्टनला लग्न झालेला, नवरा एच-वन-बी वर. त्याला एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मिळेना, म्हणून व्हिसा टिकवायला त्याने एकामागोमाग एक तीन कोर्स केले. त्यातला एक हॉटेल व्यवस्थापनाचा होता आणि पठ्ठ्याला पोहे येत नव्हते. विंडसरनंतर तीनच आठवड्यांत, 17 जुलै 2013 ला, इमिग्रेशन अपील मंडळाने झेलेनियाक प्रकरणात सांगितलं की जिथे लग्न लागलं तिथे वैध असेल तर पुरे. तुमच्या मुलीची जोडीदार नागरिक आहे, त्यामुळे भारतीयांच्या त्या न संपणाऱ्या रांगेतही उभं राहावं लागणार नाही.

अडचण येते ती वेगळीच. लग्न खरं आहे हे दाखवावं लागतं: भाड्याचा करार, एकत्र बँक खातं, विमा, आणि फोटो. आपल्या मुला-मुलींकडे कागद असतात, फोटो नसतात, कारण वर्षानुवर्षं नातेवाइकांपासून लपवलेलं असतं. फोटोत फक्त मित्रमंडळी. एका मुलाखतीत अधिकाऱ्याने माझ्या अशिलाला विचारलं, ‘तुझ्या घरचे कुठे आहेत?’ आणि तो गप्प बसला. ताई, तुम्ही लग्नाला या. मी हे भावनेने सांगत नाहीये, फाईलसाठी सांगतेय. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा नसेल तर आजच तारीख बघा, मुंबईला मुलाखतीची वाट बघण्यात महिने जातात.

मूल झालं तर जन्मदाखल्यावर दोघींची नावं येतील. 2017 मध्ये अर्कान्सासच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते राज्यांना बजावलंय. तरीही जी जन्मदात्री नसेल तिने कोर्टातून रीतसर दत्तकविधान करून घ्यावं, असा माझा हट्ट असतो. अशिलांना राग येतो, स्वतःच्याच मुलाला दत्तक कशाला म्हणून. राग रास्त आहे. पण दाखला हा नोंदीचा कागद, दत्तकाचा आदेश हा कोर्टाचा निकाल, आणि एका राज्याचा निकाल दुसऱ्याला मानावाच लागतो. 2016 मध्ये अलाबामाने जॉर्जियाचं असं दत्तक नाकारलं तर सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याला झापलं. सगळे निकाल फिरले तरी तो कागद टिकेल. शिवाय मृत्युपत्र आणि आजारपणातले निर्णय घ्यायची मुखत्यारी दोघींनी एकमेकींच्या नावे करावी.

भारतात मात्र हे लग्न चालणार नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रियो खटल्यात पाच न्यायाधीशांनी लग्नाचा मूलभूत अधिकार मानला नाही, फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. तिथे ओबर्गफेलचे दाखले भरपूर दिले गेले होते. पण आपल्याकडेही कर हाच रस्ता होऊ पाहतोय, बरं का: 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याने आयकर कायद्याला आव्हान दिलंय, कारण पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्या भेटीवर कर नाही आणि यांच्या भेटीवर आहे. न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. एडिथ विंडसरचं ते बिल आठवलं मला. तोवर तुमच्या भारतातल्या खात्यांवर आणि घरावर मुलीचं नाव असेल तर तिच्या पश्चात काय, हे तिने मृत्युपत्रात स्पष्ट लिहावं. तिच्या जोडीदाराला सून म्हणून तिकडे कुणी आपोआप धरणार नाही.

ओहायोत लायसन्स मिळतं काउंटीच्या प्रोबेट कोर्टातून. दोघींपैकी एक ज्या काउंटीत राहते तिथेच, आणि इथे दोघींनी हजर राहावं लागतं, मेरीलँडसारखं नाही. लायसन्स 60 दिवस चालतं, तेव्हा फार आधी काढू नका. मागच्या वर्षी एकांनी तीन महिने आधी काढून ठेवलं आणि हॉल, भटजी, जेवण सगळं ठरल्यावर परत रांगेत उभे राहिले. अर्जात वय, जन्मगाव, व्यवसाय, वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव विचारतात. ते मुलीच्या पासपोर्टवर नसतं, आणि खिडकीपाशी उभं राहून भारतात फोन लावायचा म्हणजे तिकडे मध्यरात्र. तुमचं माहेरचं आडनाव तिला आत्ताच कळवून ठेवा, इंग्रजी स्पेलिंगसकट.